मनातील आरसा

आरसा ही माणसाच्या संसारातील फार जुनी वस्तू आहे. आजच्या तुर्कस्तानात चाताल ह्युयुक नावाच्या प्राचीन वस्तीचे उत्खनन झाले, तेव्हा ज्वालामुखीच्या काळ्या काचेचे, घासून गुळगुळीत केलेले आरसे तेथे सापडले. ते सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. सिंधुसंस्कृतीतील लोक तांब्याचे आरसे वापरीत. केरळातील आरन्मुळा या गावी धातूचे आरसे घडविणारे कारागीर आजही आहेत. काचेवर चांदीचा पातळ थर बसविण्याची रीत मात्र अलीकडची. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ती १८३५ साली शोधून काढली आणि त्यानंतर स्वच्छ व स्वस्त आरसा हळूहळू घरोघरी पोचला. त्यापूर्वी सामान्य मनुष्याला आपला चेहरा पाहावयाचा झाला, तर तो घंगाळातील पाण्यात वाकून पाहावा लागे. आणि पाणी हलले की चेहराही हलत असे.

आता आरसा पावलोपावली भेटतो. कपाटाच्या दाराला आरसा, दुकानाच्या काचेत आरसा, आणि वडील माणसांच्या खिशातील मोबाइल हाही एक आरसाच. आजची शाळकरी मुले एका दिवसात आपला चेहरा जितक्या वेळा पाहतात, तितक्या वेळा त्यांच्या पणजोबांनी तो महिन्याभरातही पाहिला नसेल. तरीही गंमत अशी, की आपला चेहरा प्रत्यक्ष असा कोणीच कधी पाहिलेला नसतो. आरशात दिसतो तो उजव्याचा डावा झालेला चेहरा. त्याची डोळ्यांना इतकी सवय झालेली असते, की छायाचित्रात तोच चेहरा सरळ उमटला म्हणजे पुष्कळांना तो परका वाटतो आणि ‘माझे छायाचित्र कधी चांगले येतच नाही’ अशी तक्रार सुरू होते.

काचेच्या आरशाखेरीज माणसाजवळ आणखी एक आरसा असतो. तो मनात असतो. डोळे मिटले तरी आपण उंच आहोत की ठेंगू, सुरेख आहोत की बेढब, याचे एक चित्र प्रत्येकाच्या मनात उभे राहते. या चित्राला मानसशास्त्रात ‘देहप्रतिमा’ म्हणतात. व्हिएन्ना येथे जन्मलेले व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले मनोवैद्य पॉल शिल्डर यांनी १९३५ साली या विषयावर एक मोठा ग्रंथ लिहिला. आपले शरीर आपल्याला जसे भासते त्याचे मनाने रेखाटलेले चित्र ते हेच, आणि ते जन्मभर पुनःपुन्हा पुसले व काढले जाते, असे त्यांनी त्यात दाखविले. काचेच्या आरशात दिसते ते प्रकाशाच्या नियमांनी. मनातील आरशात काय दिसावे हे मात्र पुष्कळदा दुसऱ्यांच्या शब्दांनी ठरते.

हे शब्द फार लहान असतात. वर्गात कोणाला ‘जाड्या’ म्हणतात, कोणाला ‘लुकडी’. कोणी ‘बुटक्या’ होतो, कोणी ‘काळू’, तर कोणी ‘चष्मिस’. म्हणणारा हे सारे थट्टेने म्हणतो आणि मधल्या सुटीची घंटा होईपर्यंत विसरूनही जातो. ज्याला ते म्हटलेले असते, तो मात्र ते दप्तराबरोबर घरी घेऊन जातो. घरीही कधी सुटका नसते. पाहुणी मावशी उंबऱ्यातूनच म्हणते, ‘अगं बाई, किती वाळलीस!’ काकांना पुतण्या उन्हाने काळवंडलेला दिसतो. त्यांच्या बोलण्यात मायाच असते, यात शंका नाही; परंतु मायेने टोचलेली सुईही टोचतेच. मग एखादा मुलगा कबड्डीच्या मैदानाकडे फिरकेनासा होतो, कारण तेथे अर्धी चड्डी घालावी लागते. उत्तर येत असूनही एखादी मुलगी हात वर करीत नाही, कारण फळ्यापर्यंत चालत जाताना सारा वर्ग पाहील. कोणी भर चैत्रात स्वेटर अंगावरून काढीत नाही. कोणी भुकेले असताना ताट पुढे सारतो. बाहेरून पाहणाऱ्यास ही मुले आळशी किंवा हट्टी वाटतात. वास्तविक ती लपत असतात.

ही लपाछपी अकराव्या-बाराव्या वर्षी अधिक वाढते, याचे कारण शरीराच्या वाढीत आहे. आणि ते जाणून घेण्यासाठी अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये जावे लागेल.

फिलिबेर गेनो द मोंबेयार नावाचे एक सरदार तेथे राहत असत. १७५९ साली त्यांना पुत्र झाला. मुलगा वाढतो कसा, याचे त्यांना मोठे कुतूहल वाटले. त्यांनी त्याची उंची मोजून ती टिपून ठेवावयास प्रारंभ केला आणि साधारण दर सहा महिन्यांनी, एक-दोन वर्षे नव्हे तर १७७७ सालापर्यंत, म्हणजे मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत, हा नेम चालविला. त्यांचे स्नेही बुफाँ हे प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ होते. त्यांनी ही टिपणे आपल्या निसर्गेतिहासाच्या ग्रंथात छापली. एकाच मुलाच्या जन्मापासून तारुण्यापर्यंतच्या वाढीची इतकी जुनी नोंद दुसरी नाही. पुढील काळातील शास्त्रज्ञांनी या आकड्यांचा आलेख काढला. तेव्हा असे दिसले, की मूल दर वर्षी सारखे वाढत नाही. पहिल्या वर्षी ते झपाट्याने वाढते, पुढे वाढीचा वेग मंदावत जातो, आणि मग किशोरवयात, सरदारपुत्राच्या बाबतीत चौदाव्या वर्षाच्या सुमारास, वाढ एकाएकी पुन्हा उसळी घेते. काही वर्षांनी ती उसळी ओसरते आणि उंची थांबते.

ही उसळी प्रत्येकाच्या वाट्याला येते, परंतु तिची वेळ प्रत्येकाची निराळी असते. मुलींमध्ये ती साधारण बाराव्या वर्षी जोरात असते, तर मुलांमध्ये चौदाव्या वर्षी. सातवीच्या वर्गात पुष्कळ मुली आपल्या बरोबरीच्या मुलांपेक्षा उंच दिसतात, त्याचे कारण हेच. त्या वर्षात मुलगी आठ सेंटिमीटरच्या आसपास आणि मुलगा नऊ-दहा सेंटिमीटर वाढतो. शिवाय शरीराचे सर्व भाग एकाच वेळी वाढत नाहीत. आधी हात-पाय लांबतात, त्यांतही पंजे व पावले सर्वांच्या पुढे. धड मागाहून येते. म्हणून या वयातील मुलाला गेल्या वर्षीची चप्पल तोकडी होते, हाताचा धक्का लागून पाण्याचा पेला सांडतो, आणि आई म्हणते, ‘धांदरट झाला आहे नुसता!’ तो धांदरट झालेला नसतो. त्याचे हात लांब झालेले असतात आणि मेंदूला त्या नव्या लांबीचा हिशेब अजून जमलेला नसतो. मुलींच्या कमरेभोवती व मांड्यांवर या वयात थोडी चरबी साठते. ही शरीराचीच योजना आहे. मुलांचा कंठ वाढतो, आवाज फुटतो. त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल सोडू लागतात, त्यामुळे तोंडावर मुरुमे येतात. यांपैकी एकही गोष्ट कोणाच्या चुकीने घडत नाही. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांपैकी एकाला बाराव्या वर्षी मिसरूड फुटावे आणि दुसऱ्याला पंधराव्या, हे दोन्हीही निरोगी वाढीत बसते. (जाता जाता हेही सांगावयास हवे, की सकाळी उठल्यावर मनुष्य रात्रीपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर उंच असतो. दिवसभर उभे राहून पाठीच्या मणक्यांमधील कूर्चा दबतात व रात्री निजल्यावर पुन्हा फुगतात. उंचीची पैज लावणाऱ्यांनी मापे सकाळीच घ्यावीत!)

रंगाचीही गोष्ट अशीच आहे. त्वचेत मेलानिन नावाचे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या मनुष्याच्या त्वचेत व काळ्या मनुष्याच्या त्वचेत या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. भेद असतो तो त्या पेशी किती व कोणत्या प्रकारचे रंगद्रव्य बनवितात एवढाच. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्वचेला अपाय करतात. मेलानिन त्यांना अडविते. प्रखर उन्हाच्या प्रदेशांत हजारो वर्षे राहिलेल्या लोकांची कातडी काळी-सावळी झाली, ती या रक्षणासाठी. आपल्या पूर्वजांना सावळ्या रंगाचे वावडे नव्हते. पंढरीच्या विठ्ठलाचे सावळेपण संतांनी आवडीने गायिले, आणि द्रौपदीचे एक नाव ‘कृष्णा’ असे आहे, ते तिच्या वर्णावरूनच. असे असूनही वधूवरांच्या जाहिरातींत ‘गोरी’ हे विशेषण शिक्षणाच्याही आधी छापले जात असे; आजही ते अगदी नाहीसे झालेले नाही. त्वचा उजळविण्याचे आश्वासन देणारे एक मलम भारतात १९७५ सालापासून विकले जात होते. त्याच्या नावातील गोरेपणाचा वाचक शब्द कंपनीने २०२० साली, लोकांच्या टीकेनंतर, काढून टाकला. नाव बदलावयास पंचेचाळीस वर्षे लागली. समजूत बदलावयास किती लागतील, कोण जाणे.

सौंदर्याची कल्पना कोठून येते आणि ती किती वेगाने पालटू शकते, हे पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांवर स्पष्ट दिसून आले. ही बेटे भारतीयांना अगदी अपरिचित नाहीत. १८७९ ते १९१६ या काळात उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी हजारो भारतीय मजूर करार करून तेथे नेण्यात आले आणि त्यांचे वंशज आजही तेथे राहतात. परंतु येथे सांगावयाची हकीकत आहे ती बेटांवरील मूळच्या रहिवाशांची.

या लोकांत धष्टपुष्ट शरीर चांगले मानले जात असे. भरलेले अंग म्हणजे त्या माणसाच्या घरच्यांनी व गावाने त्याला प्रेमाने वाढविल्याची खूण. जेवणाच्या वेळी घरावरून कोणी जाऊ लागला, तर आतून हाक येते, ‘माई काना!’ म्हणजे ‘ये, जेवावयास ये!’ कोणी वाळला, तर लोकांना त्याच्याविषयी काळजी वाटे. याच्याकडे कोणाचे लक्ष नाही की काय, अशी कुजबुज होई. बारीक होण्यासाठी मुद्दाम कमी जेवणे ही कल्पनाच तेथील बायकांना चमत्कारिक वाटली असती.

१९९५ साली नाद्रोंगा या प्रांतात दूरचित्रवाणी आली. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांतील मालिका घरोघरी दिसू लागल्या. ॲन बेकर या अमेरिकन संशोधिकेचा फिजीशी पूर्वीपासून परिचय होता. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरचित्रवाणी आल्यानंतर थोड्याच आठवड्यांत तेथील शाळांमधील ६३ मुलींना जेवणाविषयी व शरीराविषयी प्रश्न विचारले. तीन वर्षांनी, १९९८ साली, तेच प्रश्न ६५ मुलींना विचारले. पहिल्या वेळी वजन घटविण्यासाठी खाल्लेले अन्न मुद्दाम बाहेर टाकणारी एकही मुलगी आढळली नव्हती. दुसऱ्या वेळी शंभरात अकरा मुली हा शरीरास अत्यंत घातक असा प्रकार करीत असल्याचे आढळले. शंभरात चौऱ्याहत्तर मुलींनी सांगितले, की कधी ना कधी तरी आपण फार मोठ्या किंवा जाड आहोत असे आम्हांस वाटते. मालिकांतील नट्यांसारखे सडपातळ झालो तर नोकरी मिळेल, आयुष्य सुधारेल, असेही त्यांच्यापैकी काहींच्या बोलण्यात आले.

या तीन वर्षांत मुलींची शरीरे बदलली नव्हती. त्यांच्या आया, मावश्या, आज्या तशाच धष्टपुष्ट होत्या व ‘माई काना’ची हाकही बंद पडलेली नव्हती. बदलला होता तो मनातील आरसा. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. दोन्ही वेळच्या मुली निराळ्या होत्या आणि त्या काळात फिजीत इतरही पुष्कळ गोष्टी पालटत होत्या. म्हणून सारा दोष एका दूरचित्रवाणीच्या पेटीवर टाकणे योग्य होणार नाही. परंतु शेकडो वर्षे चालत आलेली समजूत तीन वर्षांत हलू शकते, एवढे तर त्यावरून दिसलेच.

त्या मालिकांतील नट्या निदान खऱ्या तरी होत्या. आज पडद्यावर दिसणारे चेहरे पुष्कळदा खरेही नसतात. संगणकाच्या साहाय्याने छायाचित्रातील कंबर बारीक करता येते, दंड फुगविता येतात, मुरूम पुसता येतो, डोळे मोठे करता येतात. मोबाइलमध्ये तर हे काम बोटाच्या एका स्पर्शाने होते. ज्या व्यक्तीचे ते छायाचित्र, तिलाही आरशात ते रूप सापडत नाही. मग ते पाहून झुरणाऱ्या मुलाला ते कोठून सापडावे? काही देशांच्या सरकारांना हा प्रकार इतका गंभीर वाटला, की त्यांनी त्यासाठी कायदे केले. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून, जाहिरातीतील व्यक्तीचे शरीर संगणकाने बारीक वा जाड केलेले असेल, तर छायाचित्र सुधारलेले आहे असे त्यावर छापावेच लागते. नॉर्वेत तशाच प्रकारचा नियम जुलै २०२२ पासून लागू झाला.

बारीक होण्यासाठी किंवा लवकर पिळदार होण्यासाठी या वयात उपासमार करणे, अथवा कोणी सांगितले म्हणून भुकट्या व गोळ्या खाणे, हे खेळातले धोके नव्हेत. हाडांमधील खनिजांचा सुमारे नऊ-दशांश साठा विशीच्या आतच जमलेला असतो. ज्या वर्षांत तो जमावयाचा, त्याच वर्षांत ताट पुढे सारले, तर पुढे पन्नाशी-साठीत हाडे ठिसूळ होण्याची भीती असते. मासिक पाळी सुरू झालेल्या मुलीला लोह अधिक लागते. ते न मिळाल्यास तिला थकवा येतो, धाप लागते, अभ्यासात लक्ष लागत नाही. अर्थात शरीरावर प्रेम करणे म्हणजे त्याची हेळसांड करणे नव्हे. वजन प्रकृतीस झेपत नाही असे डॉक्टर सांगतात, तेव्हा त्यांच्या हाती त्या मुलाच्या वाढीचा तक्ता असतो. वर्गातील थट्टेखोराच्या हाती काहीच नसते. या दोघांच्या सांगण्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्राची कथा आहे. जन्मतःच त्याचे शरीर आठ ठिकाणी वाकडे होते. त्याचे वडील कहोड हे जनकराजाच्या सभेत बंदी नावाच्या पंडिताशी वादात हरले आणि हरणाऱ्यास पाण्यात बुडविण्याच्या तेथील रीतीप्रमाणे बुडविले गेले. बारा वर्षांचा झाल्यावर अष्टावक्राला हे कळले. तो आपला मामा श्वेतकेतू याच्यासह मिथिलेस गेला. द्वारपालाने त्याला लहान मूल म्हणून अडविले, तेव्हा आपल्या उत्तरांनी त्याने आधी द्वारपालाला व मग राजाला वळविले. सभेत एक, दोन, तीन असे आकडे घेऊन वाद चालला. तेराव्या आकड्याला बंदी अडखळला, आणि त्याचा अर्धा राहिलेला श्लोक या वाकड्या मुलाने पुरा केला. वडील परत मिळाले. कथेच्या अखेरीस समंगा नदीत स्नान केल्यावर अष्टावक्राचे अवयव सरळ झाले, असे सांगितले आहे. एवढ्या ज्ञानी मुलाला त्याच्या वाकड्या देहासह घरी पाठविणे जुन्या कथाकारालाही जमले नाही, याचे नवल वाटते. लोकांनी मात्र त्याचे सरळ झालेले अवयव ध्यानात ठेवले नाहीत. त्यांनी त्याला अष्टावक्र याच नावाने ओळखले, आणि ते नाव आदराने घेतले.

आपल्या देहाविषयीची खंत मनात कोंडून ठेवली की ती वाढते. बोलून दाखविली की पुष्कळदा आकाराने लहान होते. आई, वडील, आजी, थोरली बहीण, वर्गशिक्षक यांपैकी ज्याच्याजवळ मन मोकळे होईल, त्याच्याजवळ ते करावे. एखादा मित्र जेवण टाळू लागला, घोळक्यापासून दूर राहू लागला, तर त्याच्या वतीने मोठ्या माणसाला सांगणे ही चहाडी नव्हे. घरात बोलणे अशक्यच वाटले, तर भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.

मनातील आरसा स्वच्छ असला म्हणजे मनुष्य स्वतःच्या रूपावर कसा हसू शकतो, याचे एक जुने उदाहरण ग्रीस देशातील आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अथेन्स नगरीत सॉक्रेटिस हा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याचे नाक चपटे, नाकपुड्या वर वळलेल्या, डोळे बटबटीत, ओठ जाड आणि पोट सुटलेले होते. त्याचा शिष्य झेनोफन याने एका मेजवानीचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्या मेजवानीत क्रिटोब्यूलस नावाच्या देखण्या तरुणाबरोबर सॉक्रेटिसने चक्क सौंदर्याची स्पर्धा लावली. त्याने आधी तरुणाकडून कबूल करून घेतले, की जी वस्तू आपले काम उत्तम करते ती सुंदर. मग तो म्हणाला, डोळे असतात पाहण्यासाठी. तुझे डोळे केवळ समोर पाहतात, माझे बाहेर आलेले असल्यामुळे बाजूंनाही पाहतात. तरुणाने विचारले, मग खेकड्याचे डोळे सर्वांत सुंदर की काय? सॉक्रेटिस म्हणाला, निःसंशय! तुझ्या नाकपुड्या जमिनीकडे वळलेल्या, माझ्या चोहोंकडचा वास घेतात. आणि माझे चपटे नाक दोन डोळ्यांच्या मध्ये भिंतीसारखे आडवे येत नाही. पाहुणे पोट धरून हसले. मग गुप्त मतदान झाले. सारी मते क्रिटोब्यूलसला पडली, सॉक्रेटिसला एकही नाही. तेव्हा या तरुणाच्या पैशाने परीक्षकांना फितविले असले पाहिजे, असे तो हसत म्हणाला, आणि मेजवानीतील गप्पा पुढे चालू झाल्या.